एकाच नावाची तीन रोपं: घरातल्या हायड्रोपोनिक खोलीसाठी ब्राह्मी निवडताना काय घडलं

पार्श्वभूमी

पुण्याच्या एका उपनगरातलं हे कुटुंब. धाकटी बहीण आयुर्वेदाची वैद्य, स्वतःचं छोटं क्लिनिक चालवते. मोठे भाऊ यंत्र अभियंते, कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. घरात, सोसायटीत, क्लिनिकच्या औषध खिडकीवरही त्यांना सगळे ‘दादा’ म्हणतात, म्हणून इथेही दादाच लिहिते. मी कृषी पदवीधर, मातीविना शेतीची, म्हणजे हायड्रोपोनिक्सची लहान युनिटं उभी करायला लोकांना मदत करते. ओळख पटू नये म्हणून ठिकाणाचे आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. रोपांच्या बाबतीत जे झालं ते तसंच ठेवलं आहे.

सुरुवात एका जुडीपासून झाली. वैद्यबाई काही रुग्णांना मंडूकपर्णीचा स्वरस देत असत. चरकसंहितेत जी चार मेध्य, म्हणजे बुद्धीसाठीची रसायनं सांगितली आहेत, त्यातलं हे एक. यष्टिमधूचं (ज्येष्ठमधाचं) चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला लगदा) ही उरलेली तीन. स्वरस म्हणजे ताजी वनस्पती कुटून, फडक्यातून पिळून काढलेला रस. त्याला ना उकळी असते, ना वाळवणं. पानावर जे असेल ते थेट पोटात जातं.

पानं आणून देणाऱ्या मावशी विश्वासातल्या होत्या. पण एका पावसाळ्यात आलेल्या जुडीच्या मुळांत प्लॅस्टिकचे तुकडे अडकलेले होते आणि कितीही धुतलं तरी सांडपाण्याचा वास जाईना. विचारल्यावर मावशींनी सरळ सांगितलं, की ओढ्याच्या कडेला चांगली माजते, तिथूनच आणते. वैद्यबाईंनी त्या दिवशी स्वरस देणं बंद केलं. त्यांची भीती रास्त होती. ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडूकपर्णी आणि जलब्राह्मी या दोन्ही वनस्पती ओलसर जागी सरपटत वाढतात, प्रत्येक पेराला मुळं सोडतात आणि पाण्यातले जड धातू शोषून अंगात साठवतात.

“आपण घरातच पिकवू की,” असं दादांनी म्हटलं आणि आठवड्याभरात स्वतःच्या फ्लॅटमधली १२ बाय १० फुटांची खोली रिकामी केली.

अडचण

मला फोन आला तेव्हा तीन कप्प्यांची मांडणी, एलईडी ट्यूब, पीव्हीसीचे चॅनेल, पंप आणि एक टनाचा एसी, सगळं येऊन पडलं होतं. नव्हती ती फक्त रोपं. दादांच्या हातात पंधरा नावांची यादी होती: कृष्ण तुळस, राम तुळस, ब्राह्मी, मंडूकपर्णी, अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी, गुळवेल, अडुळसा, पुदिना, गवती चहा, कालमेघ, स्टीव्हिया, ओव्याचं पान आणि कोरफड.

त्यांचा प्रश्न होता, “यातलं हायड्रोपोनिक्समध्ये काय चांगलं येतं?”

प्रश्न साधा वाटतो, आणि बहुतेक जण हाच विचारतात. पाणी, उजेड आणि खत हाताशी असलं की पुष्कळ काही येतं. पण या कुटुंबाची गरज वेगळी होती. उघड्यावर जे निर्धोक मिळत नाही, तेवढंच त्यांना हवं होतं. हे पहिल्याच बैठकीत वहीत लिहून ठेवायला हवं होतं. मी ते बोलले, लिहिलं मात्र नाही. त्याचा परिणाम पुढे दिसला.

कोणते पर्याय तपासले

यादी छाटायला आम्ही एकच कसोटी लावली: औषधात कोणता भाग वापरतात?

मुळं वापरायची ती आधी बाजूला काढली. अश्वगंधेचं मूळ भरायला शेतात पाच ते सहा महिने लागतात, शतावरीच्या मुळ्यांना दीड-दोन वर्षं. धुक्यासारखं पाणी मुळांवर फवारायच्या एरोपोनिक पद्धतीत स्वच्छ मुळं मिळतात हे खरं. पण दीड वर्ष दिवे जाळून काढलेली शतावरी कोण कुठल्या भावाने घेणार? ‘मूळ नाही तर अश्वगंधेची पानं तरी वापरू’ असं दादांनी सुचवलं, त्याला वैद्यबाईंनी तिथल्या तिथे नकार दिला. अश्वगंधेची पानं उत्पादनांत वापरू नयेत अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना दिलेली आहे. सफेद मुसळीचं नाव निघाल्यावर मीच अडवलं. महाराष्ट्रात तिच्या लागवडीच्या लाटेत बियाण्यावर पैसे घालून हात पोळलेले शेतकरी मी पाहिले आहेत.

गुळवेलीचं कांड वापरतात आणि तिला चढायला झाड लागतं. अडुळसा माणसाएवढा होतो. गवती चहा, कोरफड, ओव्याचं पान ही तर अंगणातल्या कुंडीत कुणी लक्ष न देताही येणारी. कालमेघ वाळवून वापरतात आणि शेतकरी तो स्वस्तात पिकवतात. स्टीव्हियाची गोष्ट रंजक होती, कारण दिवस लहान झाला की ती फुलावर येते आणि पानाचं काम थांबतं. खोलीत चौदा-सोळा तास दिवे ठेवून तिला पानावरच रोखता येतं. म्हणजे खोलीचा खरा फायदा तिला मिळाला असता. पण वैद्यबाईंच्या चिकित्सेत तिला काही जागाच नव्हती. पुदिना मी नको म्हटलं. त्याच्या मुळांचा गालिचा महिन्या-दीड महिन्यात चॅनेल तुंबवतो, आणि बाजारात तो स्वच्छ मिळतोच.

उरल्या तुळस, मंडूकपर्णी आणि जलब्राह्मी.

तुळशीवर जरा वाद झाला. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने काढलेली ‘सिम-आयु’ ही युजेनॉल (लवंगेसारख्या वासाचं द्रव्य) भरपूर असलेली जात दादांना हवी होती. रुग्णांना मात्र काळी तुळस म्हणजे कृष्ण तुळस हवी असते. आम्ही कृष्ण तुळस लावली. रोपं जोमाने वाढली, पण एलईडीखाली पानं जवळजवळ हिरवीच राहिली. जांभळा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो, ते बनायला भरपूर तेज उजेड लागतो आणि आमच्या ट्यूब तेवढ्या ताकदीच्या नव्हत्या. चुरडल्यावर येणारा उग्र वासही बाल्कनीतल्या तुळशीपुढे कमी पडला. भरपूर नत्र आणि मऊ उजेड मिळाला की पान मोठं, लुसलुशीत होतं, पण वास उतरतो. सहा आठवड्यांनी आम्ही तुळशीची सगळी रोपं कुंड्यांत घालून बाल्कनीत नेली. दोन आठवड्यांत शेंड्याची पानं काळपट-जांभळी झाली. त्या दिवशी दादा मनापासून हिरमुसले, कारण तुळशीसाठी त्यांनी एक पूर्ण कप्पा सजवला होता. मला मात्र वाटतं, की त्या खोलीत घेतलेला तो सगळ्यांत चांगला निर्णय होता.

चूक झाली ती इथे

आता ब्राह्मी. या एका शब्दाखाली आपल्याकडे किती गोंधळ दडलाय, हे कोणत्याही नर्सरीत गेलं की कळतं. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, ब्राह्मी म्हणजे बकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका, असं स्पष्ट आहे. महाराष्ट्रात मात्र अनेक ठिकाणी सेंटेलालाच ब्राह्मी म्हणतात आणि बकोपाला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी. सेंटेलाचं जुनं मराठी नाव कारिवणा. गोव्यात आणि तळकोकणात एकपानीही म्हणतात.

दादांनी तीन ठिकाणांहून ‘ब्राह्मी’ मागवली. ट्रेंना अ, ब, क अशी चिठ्ठी लावली. रोपं लहान असताना मी पाहून गेले. ‘ब’ मधली बारीक, जाडसर, समोरासमोर पानांची रोपं बकोपा आहेत हे तेव्हाच ओळखलं आणि सांगितलं. ‘अ’ आणि ‘क’ दोन्हींची पानं गोलसर, कडा दातेरी. वहीत मी लिहिलं, ‘दोन्ही मंडूकपर्णी, अ देशी, क सुधारित असावी.’ हे ‘असावी’ महागात पडलं. दोन वेगळ्या वनस्पतींना मी एकाच वनस्पतीच्या दोन जाती समजून बसले.

त्यात भर म्हणजे निवडीचा निकष मीच ठरवून दिला होता: सात आठवड्यांनी दर ट्रेचं ताज्या पानांचं वजन. ‘अ’ ने दिले ५२० ग्रॅम, ‘क’ ने १ किलो ४०० ग्रॅम. ‘क’ पाण्यात अशी काही माजली होती, की चॅनेलच्या भोकांतून मुळं लोंबत होती आणि दर दोन दिवसांनी नवं पान उभं राहत होतं. दादा रोज फोटो पाठवत. वैद्यबाई रात्री क्लिनिक आवरून ते फोटो बघत आणि उत्तर देत, “छान आलंय दादा.” फोटो वरून काढलेले. वरून दिसायचा तो फक्त हिरव्या गोल पानांचा थर.

दादांनी ‘अ’ चा एकच ट्रे ठेवला. बाकीच्या दोन कप्प्यांवर ‘क’ ची रोपं पसरवली.

पहिली मोठी कापणी क्लिनिकमध्ये गेली त्या सकाळी मीही तिथे होते. वैद्यबाईंनी पानं तीनदा धुतली, खलात घालायला मूठभर उचलली आणि थांबल्या. एक पान त्यांनी देठाला धरून उलटं केलं. मग दुसरं, मग तिसरं.

“दादा, हा देठ कुठे आहे बघ.”

देठ पानाच्या मधोमध होता, छत्रीच्या दांडीसारखा. त्या टोकापासून शिरा चहूबाजूंना पसरलेल्या, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. मंडूकपर्णीचं पान मूत्रपिंडासारखं असतं. त्याला एका बाजूला खोल खाच असते आणि देठ त्या खाचेत येऊन मिळतो. हातातलं पान होतं हायड्रोकोटाइलचं. ही शोभेची वनस्पती मत्स्यालयात आणि पाण्याच्या कुंडीत लावतात. पाण्यात ती जोरात येते कारण पाणी हेच तिचं घर. आमच्या चाचणीत ती पहिली आली, त्यात नवल ते काय!

हा घोळ फक्त नर्सरीचा, असंही म्हणता येत नाही. लिनियसने १७५३ मध्ये मंडूकपर्णीला नाव दिलं तेच मुळी ‘हायड्रोकोटाइल एशियाटिका’. पुढे अर्बन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती सेंटेला या प्रजातीत नेली. जुन्या ग्रंथांत, जुन्या औषधांच्या यादीत ते नाव अजून सापडतं. पण ‘एकेकाळी एकाच घरातली’ एवढ्यावर एकीचा रस दुसरीच्या नावाने देता येत नाही. मंडूकपर्णीचे गुण ज्या एशियाटिकोसाइडसारख्या घटकांशी जोडले जातात, ते दुसऱ्या वनस्पतीत गृहीत कसे धरायचे?

वैद्यबाईंनी खल रिकामा ठेवला. एकाही रुग्णाला तो रस गेला नाही. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दोन महिने मी याच पानांना पाणी घालत होतो. एकदा तरी उलटून बघायला हवं होतं.” मी त्यांना सांगितलं, की उलटून बघायचं काम माझं होतं. ते खरंच माझं होतं.

पुढे काय केलं

सगळं फेकून द्यायचं, की ‘अ’ चा एक ट्रे उरलाय त्यापासून रोपं वाढवायची? वेळ वाचवायला दुसरा मार्ग सोपा होता. पण ‘अ’ कुठून आली, तिची मातृरोपं कोणती, यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. आणि देठाच्या खाचेची एकच खूण पुरेशी नसते. हायड्रोकोटाइलच्या सगळ्याच प्रकारांत देठ मधोमध नसतो, काहींची पानंही खाचेची असतात. म्हणून आम्ही ‘अ’ लाही थांबवलं आणि शून्यापासून सुरुवात केली.

रोपं दोन ठिकाणांहून घेतली. पहिली शासकीय संशोधन संस्थेच्या नोंदीतली. मंडूकपर्णीच्या निवडलेल्या जाती आहेत: सीमॅपची ‘मज्जापोषक’, बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेच्या ‘अर्का दिव्या’ आणि ‘अर्का प्रभावी’. अशा जातीचं रोप घेतलं की निदान कागदावर त्याचं कूळ असतं. दुसरी रोपं आली दादांच्या आणि वैद्यबाईंच्या आजोळाहून, सिंधुदुर्गातून. दिवाळीनंतर दोघं भावंडं तिथे गेली आणि मामांच्या बागेत माडाच्या आळ्यात पसरलेली एकपानी मुळांसकट घेऊन आली. वैद्यबाईंनी लहानपणी तिची चटणी खाल्लेली. मामी अजून करतात, ओलं खोबरं आणि मिरची घालून.

दोन्हींचे नमुने फुलांसकट दाबून वाळवले आणि वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याकडून तपासून घेतले. मंडूकपर्णीची फुलं इतकी बारीक आणि जमिनीलगत पानाखाली लपलेली असतात, की ती मिळवायला दादा भिंग घेऊन बसले होते. पुण्यात राहणाऱ्याला हे काम अवघड नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र इथे आहे, आघारकर संशोधन संस्था इथे आहे, आणि दोन्हींकडे वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह आहेत. हे पाऊल पहिल्या आठवड्यात टाकलं असतं, तर दोन महिने आणि दोन कप्पे वाचले असते. इतरांना सांगताना मी आता याच पावलापासून सुरुवात करते.

वनस्पती बदलली तशी खोलीही बदलावी लागली. दादांनी जे विकत घेतलं होतं ते सगळं लेट्यूसच्या हिशेबाने होतं. एसी वीस अंशांवर, अरुंद चॅनेल, वरून कडक दिवे. माडाच्या सावलीत, दमट उष्ण हवेत वाढणाऱ्या वनस्पतीला यातलं काय हवं होतं?

चॅनेल काढून टाकले. मंडूकपर्णी धावत्या कांडांनी पसरते आणि प्रत्येक पेराला मूळ धरते, तिला भोकात कोंडून चालत नाही. त्याऐवजी उथळ ट्रे घेतले, त्यात दोन इंच कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट आधी तीन पाण्यांनी धुतलं आणि कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून घेतलं, कारण त्यात सोडियम आणि पोटॅशचे क्षार अडकलेले असतात. पंप ठरावीक वेळाने ट्रे भरतो आणि पाणी पुन्हा टाकीत उतरतं. उतरताना मुळांकडे हवा ओढली जाते. उकाड्यात हे फार उपयोगी पडतं. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मुळं सतत पाण्यात बुडवून ठेवली असती तर एसी बंद करायची हिंमत झाली नसती. आता एसी बंद आहे, एक एक्झॉस्ट पंखा पुरतो.

दिवेही निम्मे केले. आधी २४० वॉटचे दिवे सोळा तास, म्हणजे दिवसाला पावणेचार युनिटांहून जास्त जळत होते. आता १२० वॉट, चौदा तास: दिवसाला १.७ युनिटांच्या आत. वरच्या कप्प्यात, दिव्याच्या अगदी जवळ, पान लहान, जाड आणि देठ आखूड येतो. खालच्या मंद कप्प्यात देठ लांब आणि पान रुंद. वैद्यबाईंना कुटायला रुंद पान बरं पडतं. खताच्या पाण्याची तीव्रता १.० ते १.२ ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) आणि पीएच (आम्लतेचं माप) सहाच्या जवळ ठेवला. कापणीआधी चार दिवस नुसतं पाणी.

जलब्राह्मीचा एकच ट्रे ठेवला, वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या रंगाच्या पाटीसकट. पाटीवर ‘ब्राह्मी’ हा शब्द नाही. ‘बकोपा’ आणि ‘सेंटेला’ असंच लिहिलंय. मराठी नावांवर माझं प्रेम आहे, कारिवणा हा शब्द तर मला अतिशय गोड वाटतो, तरी औषधाच्या खोलीत पाटीवर शास्त्रीय नावच हवं, यावर मी ठाम आहे.

पाण्याने घेतलेली परीक्षा

एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले आणि बोअरचं पाणी टाकीत मिसळू लागलं. आठ दिवसांत कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडल्याची ही खूण. दादांनी लोह वाढवलं, तरी उपयोग होईना. पीएच मोजला तर ७.४. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट पीएच वर ढकलत होते, आणि आम्ही वापरत होतो तो ईडीटीए प्रकारचा लोह-चिलेट (लोह विरघळलेलं ठेवणारं संयुग) साडेसहाच्या वर टिकत नाही. खतात लोह होतं, पण रोपाला ते घेता येत नव्हतं.

पीएच खाली आणायला आम्ल घालत राहण्यापेक्षा आम्ही उन्हाळ्यापुरतं आरओचं पाणी घेतलं. जड धातूंची भीती हेच या सगळ्या खटाटोपाचं मूळ होतं, मग कुठल्या विहिरीचं हे माहीत नसलेलं पाणी कसं चालवून घ्यायचं? पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आणि शिशाची ०.०१ मिलिग्रॅम आहे. आमचं पाणी त्यात बसलं. खतंही सगळी पूर्ण विरघळणारी, पिशवीवर घटक छापलेली अशीच घेतो. खुल्या बाजारातल्या स्वस्त फॉस्फेटातून आणि झिंक सल्फेटातून कॅडमियम येऊ शकतं.

निष्पत्ती

पहिली कापणी लागवडीनंतर सात आठवड्यांनी झाली, नंतर प्रत्येक ट्रे दर चार आठवड्यांनी कात्रीने कापतो. ट्रेंच्या लागवडीत अंतर ठेवल्यामुळे आठवड्याला साधारण ६०० ग्रॅम पान मिळतं. क्लिनिकची गरज ७०० ते ८०० ग्रॅमची. वैद्यबाईंनी कमी पडतं म्हणून बाहेरून आणलं नाही. ज्यांना स्वरस खरोखर हवा अशांनाच तो द्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

पहिल्या दोन कापण्यांचं पान वाळवून धातूंसाठी तपासलं. आयुर्वेदिक फार्माकोपियाप्रमाणे वाळलेल्या वनस्पतीत शिसं दहा लाखांत १० भाग, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भागांपेक्षा जास्त नको. दोन्ही नमुने या मर्यादांच्या खूप खाली आले. अहवाल क्लिनिकमध्ये खलाच्या वरच्या भिंतीला लावलाय.

संस्थेची जात आणि आजोळची एकपानी यांत वजनाला संस्थेची पुढे आहे. चवीला आजोळची जास्त कडवट, तुरट. वैद्यबाईंचा कल तिच्याकडे आहे. कडवट म्हणजे घटक जास्त असं मी म्हणू शकत नाही, जिभेने ते मोजता येत नाही. आत्ता दोन्ही वेगळ्या ट्रेमध्ये आहेत आणि प्रत्येक कापणी कुठल्या ट्रेची, याची नोंद रुग्णाच्या कागदापर्यंत जाते.

दादांना मध्यंतरी पानांची पाकिटं करून सोसायटीत विकायची होती, वर ‘स्मरणशक्ती वाढवते’ असं छापून. ते थांबवलं. खाद्य म्हणून विकायचं तर अन्नसुरक्षा नोंदणी हवी. औषधी दावा छापला तर औषध कायद्याचा परवाना आणि १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा दोन्ही आडवे येतात. शिवाय पिकतंय ते क्लिनिकलाच पुरत नाही.

खर्चाचा हिशेब मांडला तर बाजारातल्या जुडीच्या कित्येक पट महाग पान पडतं. यंत्रसामग्रीतला निम्मा खर्च, म्हणजे एसी, चॅनेल, जास्तीचे दिवे, रोप ठरवण्याआधी केलेला होता आणि तो वाया गेला. आधी वनस्पती, मग तिची ओळख, मग तिच्या सवयी आणि शेवटी सामान, हा क्रम पाळला असता तर खोली निम्म्या पैशांत उभी राहिली असती. मला बोलावण्याआधीच सामान आलं होतं हे खरं. पण वजनाने निवड करायची चाचणी सुचवली मी. आता कुठल्याही औषधी रोपाची चाचणी लावताना पहिल्या रकान्यात ‘ओळख पटली का, कुणी पटवली’ असतं आणि तो रिकामा असेल तर वजनाचा रकाना भरायचा नाही, असं मी ठरवलं आहे.

एक प्रश्न उघडा आहे. पावसाळी ढगाळ हवेत खोलीतला दमटपणा वाढतो, खिडकीतून येणारा उजेड कमी होतो. त्या दिवसांतल्या पानात एशियाटिकोसाइड किती उतरतं, हे तपासायला जुलैच्या आणि जानेवारीच्या कापणीचे नमुने प्रयोगशाळेत द्यायचे आहेत, दोन्ही ट्रेंचे वेगवेगळे. जुलैचे नमुने दादांनी वाळवून, पाटी लावून ठेवले आहेत. प्रत्येक पुडक्यात कापणीचं एक अख्खं पान देठासकट दाबून ठेवलंय, उलटं, देठाची खाच दिसेल असं.